वेदीमागची भिंत कोणाची?

जुन्या गोव्यातील बॉम जेजूस बॅसिलिकात शिरणाऱ्या माणसाची नजर आधी समोरच्या सोनेरी भिंतीला भिडते. वेदीमागून वर चढत गेलेले लाकडी कोरीवकाम, त्यावरचा सोन्याचा मुलामा, पिळदार खांब, कोनाडे, देवदूत. ज्याच्या नावाने हे चर्च उभे आहे तो बाळ येशू मात्र चटकन सापडत नाही. तो खाली आहे, लहानशा मूर्तीच्या रूपात. त्याच्या वर जेज्विट संघाचे संस्थापक संत इग्नाती लोयोला यांचा भव्य पुतळा आहे. त्यांच्याही वर तेजोवलयात येशूच्या नावाची अक्षरे, आणि सर्वांत वर पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचे त्रैक्य. अक्षरओळख नसलेल्यालाही ही भिंत खालून वर वाचता येते: बाळापासून संतापर्यंत, संतापासून नामापर्यंत, नामापासून देवापर्यंत.

आता अहिल्यानगरकडे या. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनने हे शहर आपले मोठे केंद्र केले. तिथल्या प्रॉटेस्टंट परंपरेच्या चर्चमध्ये समोर सोने नाही, संत नाहीत, मेणबत्त्यांच्या रांगा नाहीत. व्यासपीठ, त्यावर उघडे बायबल, मागे साधा क्रूस. त्या क्रुसावर येशूची आकृतीही नाही. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांच्या पदांनी आणि कीर्तनांनी मराठी ख्रिस्ती उपासनेला सूर दिला, तो अशाच मोकळ्या भिंतींच्या आत.

ख्रिस्त एक, बायबल एक, आणि तरी भिंती इतक्या वेगळ्या. या दोन भिंतींच्या मधल्या अंतरात चौदा-पंधराशे वर्षांचे वाद आहेत, फोडलेल्या मूर्ती आहेत, धर्मपरिषदांचे ठराव आहेत, बिननावाचे कारागीर आहेत आणि आपले गाव सोडून पुण्यात येऊन राहिलेला एक गोमंतकीय चित्रकारही आहे. माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. चर्चमध्ये काय मांडायचे हा सजावटीचा प्रश्न कधीच नव्हता. देव कोणाचा चेहरा घेऊन आपल्यासमोर येतो, तो चेहरा कोणाच्या हातांनी घडतो आणि त्यासाठी कोणाची संमती घेतली जाते, हा तो प्रश्न आहे. भारतात यांपैकी पहिल्या भागावर पुष्कळ बोलले गेले. उरलेल्या दोहोंवर फार थोडे.

मनाई आणि आज्ञा, एकाच ग्रंथात

कोरीव मूर्ती करून तिच्यापुढे नमू नये, ही आज्ञा बायबलमधील ‘निर्गम’ या पुस्तकात आहे. त्याच पुस्तकात थोडे पुढे कराराच्या कोशावर सोन्याचे दोन करूब, म्हणजे पंख पसरलेले स्वर्गीय जीव, कसे घडवावेत याचा बारीक तपशील आहे. इतकेच नव्हे, तर हे काम करणाऱ्या बसालेल या कारागिराचे नाव नोंदवून, त्याचे कौशल्य हे देवाच्या आत्म्याचे देणे आहे, असे सांगितले आहे. पुढची सगळी भांडणे या दोन ठिकाणांच्या मधे घडली. एका बाजूने मनाईवर बोट ठेवले, दुसरीने बसालेलकडे बोट दाखवले.

पहिल्या ख्रिस्ती पिढ्यांनी भिंतींवर काढले ते अगदी साधे. रोमच्या भुयारी दफनभूमींत मासा, नांगर आणि खांद्यावर कोकरू घेतलेला मेंढपाळ दिसतो. आजच्या सीरियातील दुरा-युरोपोस येथे तिसऱ्या शतकाच्या मध्यातील, घरातच थाटलेले एक उपासनास्थळ सापडले. तिथे बाप्तिस्म्याच्या खोलीत हाच मेंढपाळ रंगवलेला होता. क्रुसावरचा येशू मात्र बराच काळ कोणी दाखवत नसे. क्रुसावर खिळणे ही गुन्हेगारांना दिली जाणारी शिक्षा होती. रोमच्या सांता साबिना चर्चच्या लाकडी दरवाजावर पाचव्या शतकात कोरलेले क्रूसदृश्य हे या विषयाच्या जुन्यात जुन्या उघड नमुन्यांपैकी एक. आज जे चिन्ह ख्रिस्ती धर्माची ओळख आहे, ते भिंतीवर यायला चारशे वर्षे लागली.

सन ६०० च्या सुमारास मार्सेचे बिशप सेरेनस यांनी आपल्या चर्चमधील चित्रे फोडून टाकली, तेव्हा पोप ग्रेगरी यांनी त्यांना समज दिली: चित्रांची पूजा होऊ नये हे खरे, पण ज्यांना वाचता येत नाही त्यांना ती शिकवतात, म्हणून ती नष्ट करू नयेत. आठव्या शतकात बायझंटाईन साम्राज्यात हा वाद राजाज्ञेपर्यंत गेला. प्रतिमा फोडल्या गेल्या, त्यांचे रक्षण करणाऱ्यांचा छळ झाला. ७८७ मध्ये निकेआच्या दुसऱ्या परिषदेने निर्णय दिला: आराधना फक्त देवाची, प्रतिमेला मान, आणि तो मान प्रतिमेतून ज्याची ती प्रतिमा आहे त्याच्याकडे जातो. तरीही वाद पुरता शमला तो ८४३ मध्ये.

सोळाव्या शतकात तो पुन्हा पेटला. १५२२ मध्ये विटेनबर्गमध्ये मूर्तिभंजन सुरू झाले तेव्हा मार्टिन लूथर लपण्याच्या जागेतून परत आले आणि त्यांनी ते थांबवले. झुरिकमध्ये मात्र १५२४ मध्ये नगरसभेच्या आदेशाने चर्चमधील चित्रे आणि मूर्ती उतरवल्या गेल्या. कॅथलिक बाजूने डिसेंबर १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने निकेआचा निर्णय पुन्हा उचलून धरला. गोव्यातील सोनेरी भिंती ट्रेंटनंतरच्या आहेत आणि ट्रेंटचाच आत्मविश्वास घेऊन उभ्या आहेत. सुधारकांनी भिंती रिकाम्या केल्या होत्या. उत्तर म्हणून या भिंती काठोकाठ भरल्या गेल्या.

भिंत कशी वाचायची

ज्यांना या परंपरेची सवय नाही त्यांना कॅथलिक चर्चचे आतले जग गोंधळाचे वाटू शकते. पण तिथे प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असते. वेदी केंद्रस्थानी. पवित्र भाकर ठेवलेल्या मंजुषेजवळ अखंड तेवणारा दिवा. बाप्तिस्म्याचे कुंड परंपरेने प्रवेशाजवळ, कारण माणूस चर्चमध्ये येतो तोच पाण्यातून. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर क्रुसाच्या वाटेची चौदा स्थाने. ही चौदाची संख्या १७३१ मध्ये पोप क्लेमेंट बारावे यांच्या काळात पक्की झाली. उपवासकाळात वसईपासून गोव्यातील सासष्टीपर्यंत भाविक या चौदा चित्रांपुढून क्रमाने चालतात, थांबतात, गुडघे टेकतात. ज्यांना जेरुसलेमला जाता येत नाही त्यांची ती यात्रा असते.

संतांची ओळख त्यांच्या हातातल्या वस्तूंवरून पटते. किल्ल्या असतील तर संत पीटर, चाक असेल तर अलेक्झांड्रियाची संत कॅथरीन, लोखंडी जाळी असेल तर संत लॉरेन्स, अंगात बाण रुतलेले असतील तर संत सेबास्टियन. यातल्या बहुतेक वस्तू त्यांच्या छळाची साधने आहेत. ज्याने मारले तेच हत्यार सन्मानाने हाती धरलेले दिसते. आपल्या वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया यांना १५९७ मध्ये जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर चढवून भाल्याने भोसकले गेले. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. त्यांच्या प्रतिमेजवळ क्रूस आणि भाले का, हे वसईच्या पोरालाही ठाऊक असते.

आणि कधी कधी न दाखवणे हाच दाखवण्याचा मार्ग असतो. पवित्र आठवड्याआधी पुष्कळ चर्चमध्ये मूर्ती आणि क्रूस जांभळ्या कापडाने झाकतात. वर्षभर पाहून सवयीची झालेली गोष्ट काही दिवस दिसेनाशी होते, आणि कापड निघते तेव्हा ती पुन्हा पाहिली जाते. दृश्य आणि अदृश्य यांचा हा मेळ मला या परंपरेतील फार शहाणी गोष्ट वाटते.

कारागिराचा हात

गोव्यातील या भिंती कोणी घडवल्या? रचना युरोपची, नकाशे आणि छापील चित्रे तिकडून आलेली. हात मात्र इथले. आणि इथले हात वापरू नयेत, असा सत्तेचा आग्रह होता. तिसवाडी, बारदेश आणि सासष्टीतील देवळे ज्या सोळाव्या शतकात पाडली गेली, त्याच शतकात हिंदू कारागिरांनी ख्रिस्ती मूर्ती आणि चित्रे घडवू नयेत असे हुकूमही निघाले. असे हुकूम पुन्हा पुन्हा काढावे लागले, यातच त्यांचे अपयश दिसते. लाकूड, चांदी आणि हस्तिदंत यांवर काम करणारे पिढीजात कसब एका फर्मानाने दुसऱ्या कोणाच्या हाती जात नाही.

त्या हातांनी काय केले ते आजही पाहता येते. गोव्यातील काही चर्चमध्ये प्रवचनपीठाचा भार तोलून धरणाऱ्या स्त्री-आकृती आहेत. कमरेखाली त्यांचे शरीर सर्पासारखे वळत जाते. नागकन्येची ही आठवण युरोपच्या नमुना-पुस्तकातून आलेली नाही. त्याहून विलक्षण आहेत ते सतराव्या शतकातील हस्तिदंती ‘चांगले मेंढपाळ’. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयापासून गोव्याच्या ख्रिस्ती कला संग्रहालयापर्यंत असे नमुने पाहायला मिळतात. डोंगराच्या शिखरावर लहानगा येशू बसला आहे, कोकरू जवळ आहे, पाय दुमडलेले आहेत, डोके तळहातावर टेकलेले आहे आणि डोळे मिटलेले आहेत. खाली झरा, पाणी पिणारी मेंढरे, गुहेत मग्न झालेली मारिया माग्दालेना. युरोपातील मेंढपाळ उभा असतो, चालतो, हरवलेले कोकरू शोधतो. हा बसून ध्यान करतो. त्या कारागिराने कोणताही सिद्धांत मांडला नाही. त्याच्या हाताला देवपण जसे ठाऊक होते तसे त्याने कोरले. त्याचे नाव मात्र कुठेही नोंदलेले नाही. बायबलने बसालेलचे नाव राखले, गोव्याने आपल्या बसालेलांचे राखले नाही.

याच काळात उत्तरेत वेगळेच घडत होते. गोव्याहून निघालेले जेज्विट धर्मगुरू १५८० मध्ये फतेहपूर सिक्रीला अकबराच्या दरबारी पोहोचले. त्यांनी सोबत बायबल आणि येशूची आई मारिया हिची चित्रे नेली होती. अकबराने ती आदराने पाहिली, आणि त्याच्या चित्रशाळेतील हिंदू व मुसलमान चित्रकार येशू आणि मारियेची चित्रे काढू लागले. गोव्यात ज्यांना मनाई होती, त्यांच्याच धर्मबांधवांना आग्र्याकडे त्याच विषयासाठी राजाश्रय मिळाला.

शब्दांच्या बाबतीत गोव्यातील चर्चने अधिक मोकळेपणा दाखवला. इंग्लंडहून आलेले जेज्विट फादर थॉमस स्टीफन्स यांनी येशूची कथा मराठी ओवीत रचली आणि ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. सासष्टीतील नवख्रिस्ती ते भक्तीने वाचत, ऐकत. ओवीतली मारिया आपल्या मातीतली बोली बोलली. भिंतीवरच्या मारियेला मात्र आपल्या मातीतली वस्त्रे मिळायला आणखी तीन शतके जावी लागली.

मोकळ्या भिंतीचे बोलणे

प्रॉटेस्टंट भिंत रिकामी आहे म्हणून ती मुकी आहे, असे समजण्याचे कारण नाही. क्रुसावर आकृती नसणे हे एक विधान आहे: तो मेला, पण आता तिथे नाही, तो उठला आहे. वेदीऐवजी व्यासपीठ मध्यभागी असणे हेही विधानच: इथे देव बोलतो आणि आपण ऐकतो. महाराष्ट्रातील प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी डोळ्यांना जे नाकारले ते कानांना भरभरून दिले. टाळ, मृदंग, पेटी, अभंगाची चाल, कीर्तनाचा बाज हे सारे तिथे आले. टिळकांसारख्या कवीला या मोकळ्या भिंतीने अडवले नाही. उलट जागा दिली.

पण सगळ्या प्रॉटेस्टंट भिंती मोकळ्या राहिल्या नाहीत. मुंबईतील सेंट थॉमस कॅथीड्रल १७१८ मध्ये उपासनेसाठी खुले झाले. आत शिरल्यावर डोळ्यांत भरतात ती संगमरवरी स्मारके: ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी, सेनानी, गव्हर्नर. गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या स्मारकात भारतीय आकृतीही आहे, पण ती उपकृत रयतेची. कुलाब्याचे अफगाण चर्च १८५८ मध्ये वापरात आले, ते पहिल्या अफगाण युद्धात पडलेल्यांच्या स्मरणार्थ. त्याची रंगीत काच सुंदर आहे. मात्र या भिंतींवर श्रद्धेच्या शेजारी साम्राज्यही टांगलेले आहे, हे पाहणाऱ्याने विसरू नये. संतांच्या मूर्तींना मूर्तिपूजा म्हणणाऱ्यांनी सेनापतींचे पुतळे बिनदिक्कत आत घेतले. भिंत कोणाची, या प्रश्नाला त्या काळी मिळालेले हे उत्तर होते.

१९७० मध्ये नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. त्यात अँग्लिकन, मेथडिस्ट, बाप्टिस्ट, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल परंपरेचे लोक एकत्र आले. पुण्याच्या गुरुवार पेठेतील पंच हौदचे पवित्र नाम देवालय, उंच स्वतंत्र घंटाघर असलेले, अँग्लिकन परंपरेने १८८५ मध्ये उभारले. अहिल्यानगरकडची साधी प्रार्थनामंदिरे काँग्रिगेशनल परंपरेची. आज ही सगळी एकाच छत्राखाली आहेत आणि कोणी कोणाला भिंत बदलायला लावलेली नाही. प्रतिमांवरून एकेकाळी युरोपात रक्त सांडले होते. इथे त्या वादाला सोबत राहण्याची वाट सापडली, ही आपल्याकडची मोलाची कमाई आहे.

साडीतली मारिया

आंजेलो द फोन्सेका यांचा जन्म १९०२ साली गोव्यातील सांत इस्तेव या बेटावरच्या गावात झाला. मुंबईत वैद्यकीय शिक्षणाला सुरुवात करून त्यांनी ते सोडले, जे. जे. कला महाविद्यालयात गेले, तिथेही मन रमले नाही, आणि शांतिनिकेतनची वाट धरली. अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्याकडून त्यांनी रेषेचा संयम आणि जलरंगाचा मऊपणा घेतला. १९३० च्या सुमारास ते परतले तेव्हा त्यांनी जे रंगवायला घेतले ते गोव्यातील चर्चने कधी पाहिले नव्हते: साडी नेसलेली, उजळ नव्हे तर आपल्यासारख्या वर्णाची मारिया, जमिनीवर मांडी घालून बसलेली माणसे, तेलाचा दिवा, आपल्या घरासारखे घर.

गोव्यातील अभिजन ख्रिस्ती समाजाला हे रुचले नाही. आज त्या रोषाला नावे ठेवणे सोपे आहे, पण तो समजून घेतला पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्या त्यांना सांगितले गेले होते की ख्रिस्ती होणे म्हणजे जुने वेश, जुनी नावे, जुने सण सोडणे. धर्मन्यायालयाने त्यासाठी शिक्षा दिल्या होत्या. ज्या साडीपासून, ज्या दिव्यापासून दूर राहणे म्हणजे श्रद्धा असे शिकवले, तीच साडी मारियेच्या अंगावर पाहून ते बिथरले. त्यांच्या दृष्टीने तो त्यांच्या पूर्वजांनी मोजलेल्या किमतीचा अपमान होता.

फोन्सेका पुण्याला आले. शिवाजीनगरच्या ख्रिस्त सेवा संघाच्या आश्रमात त्यांना आसरा मिळाला. इंग्रज धर्मगुरू जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये स्थापन केलेला हा संघ अँग्लिकन होता. तिथले लोक खादी वापरत, आश्रमाच्या साधेपणाने राहत. पुढे आदिवासींचे अभ्यासक झालेले व्हेरियर एल्विन तरुणपणी भारतात आले ते याच संघात. म्हणजे कॅथलिक चित्रकाराला त्याच्या चर्चने भिंत दिली नाही, ती अँग्लिकन आश्रमाने दिली. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातील स्पॅनिश जेज्विट इतिहासकार फादर हेन्री हेरास यांनीही या कलेची पाठराखण केली. शांतिनिकेतनातच घडलेले, कोल्हापूरचे मराठी ख्रिस्ती चित्रकार विनायक मासोजी हेही याच वाटेचे प्रवासी. फोन्सेका १९६७ मध्ये पुण्यात वारले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आज पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात जपलेला आहे. गोव्याने ज्यांना दूर लोटले ते कागदांच्या रूपाने गोव्यात परतले.

पण परतले ते संशोधन केंद्रात. अभ्यासक त्यांची चित्रे पाहतात, प्रदर्शने भरतात, पुस्तके निघतात. ती चित्रे काढणारा माणूस मात्र चित्र काढणे ही प्रार्थना मानत होता आणि प्रार्थनेसाठी काढत होता. ज्या बाईने रविवारी मिस्साला येऊन त्या मारियेसमोर मेणबत्ती लावावी, तिच्या वाट्याला ती मारिया अजून फारशी आलेली नाही.

वरून आलेली मुभा

४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला. चर्चने कोणतीही एक कलाशैली आपली मानलेली नाही. सर्व वंशांच्या आणि देशांच्या कलेला उपासनेत मुक्त वाव असावा. पवित्र प्रतिमांची प्रथा टिकावी, पण त्या मोजक्या आणि योग्य क्रमाने मांडाव्यात, असा त्याचा आशय. फोन्सेका तेव्हा हयात होते. त्यांनी तीस वर्षे आधी जे केले त्याला आता रोमची मान्यता होती. वेदी भिंतीपासून पुढे सरकली, धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभे राहिले, मिस्सा मराठीत होऊ लागली.

१९६९ मध्ये भारतीय बिशपांनी मागितलेल्या बारा बदलांना रोमने परवानगी दिली. त्यांत आरती होती, मेणबत्तीऐवजी तेलाचे दिवे होते, पंचांग प्रणाम होता, जमिनीवर बसणे होते. बंगळुरूच्या राष्ट्रीय बायबल, धर्मशिक्षण व उपासना केंद्राने फादर अमलोर्पवदास यांच्या नेतृत्वाखाली हे काम पुढे नेले. १९४४ मध्ये पुण्यात जन्मलेले चित्रकार ज्योती साही यांनी त्याला दृश्यरूप दिले. पण इथेही विरोध झालाच. काही कॅथलिकांना हे हिंदूकरण वाटले, काही हिंदूंना आपली चिन्हे पळवल्यासारखे वाटले. दलित ख्रिस्ती विचारवंतांनी तिसराच प्रश्न विचारला आणि तो सर्वांत टोकदार होता: भारतीय म्हणून तुम्ही जी चिन्हे आणता ती कोणाची? ज्या देवळांच्या पायरीवर आमच्या आजोबांना उभे राहू दिले नाही, त्यांचीच चिन्हे आमच्या वेदीवर का?

या प्रश्नाला वरून आलेली मुभा उत्तर देऊ शकत नाही. तो संमतीचा प्रश्न आहे.

सिंगपूरची मूर्ती

२०१३ च्या मे महिन्यात रांचीजवळच्या सिंगपूर येथे मारियेच्या मूर्तीचे अनावरण झाले. लाल काठाची पांढरी साडी, आदिवासी स्त्रीचा वेश, पाठीशी बाळ बांधावे तसा कडेशी झोळीत घेतलेला येशू. फोन्सेकांच्या विचाराचीच ही पुढची पायरी, असे कोणालाही वाटावे. पण सरना धर्म मानणाऱ्या आदिवासी संघटना रस्त्यावर उतरल्या. ही साडी आमच्या सणासुदीची आणि ओळखीची आहे. उद्या आमच्या मुलांना मारिया ही आमचीच देवी वाटेल, असे त्यांचे म्हणणे होते. प्रत्येक समाज मारियेला आपल्या वेशात पाहतो, हे चर्चचे उत्तर होते.

दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. आदिवासी ख्रिस्ती स्त्री हीसुद्धा आदिवासीच असते. तिची साडी तिने बाप्तिस्म्याच्या वेळी सोडून दिलेली नसते. तिला आपल्या वेशातील मारिया हवी असेल तर तो तिचा हक्क आहे. पण ज्या समाजाची ओळखच कायद्यात, जनगणनेत आणि जमिनीत झगडून टिकवावी लागते, त्याने आपल्या चिन्हाबद्दल जागरूक असणे हाही हक्कच. फोन्सेका आपल्याच समाजाला त्याचा हरवलेला चेहरा परत देत होते. सिंगपूरला ते चिन्ह दोघांच्या मालकीचे होते आणि एकाला विचारले गेले नाही असे त्याला वाटले. फरक इथे आहे.

आपल्याकडे हीच गोष्ट वारली चित्राबाबत लक्षात ठेवावी लागेल. त्रिकोण-वर्तुळांतून काढलेले नाताळचे दृश्य कार्डांवर सर्रास दिसते. पण वारली घरात लग्नाच्या वेळी भिंतीवर जो चौक लिहितात तो सवाशिणी लिहितात आणि त्यात पालघट देवी असते. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ती कला जगापुढे नेली, तरी चौक देवीचाच राहिला. डहाणू-तलासरीकडच्या एखाद्या चर्चला वारली शैलीत येशूजन्म हवा असेल तर तो जरूर यावा. ख्रिस्ती वारलीच्या हातून, शेजारच्या वारल्यांशी बोलून, आणि देवीचा चौक देवीपाशी ठेवून.

लोकांनी आधीच काढलेली वाट

परिषदा आणि चित्रकार वाद घालत असताना सामान्य माणसांनी आपली वाट केव्हाच पाडली आहे. वसईत आणि गोव्यात दर नाताळला गोठे उभे राहतात. संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये इटलीतील ग्रेच्चो येथे पहिला गोठा मांडला, असे परंपरा सांगते. आपल्याकडच्या गोठ्याला झावळ्यांचे छप्पर असते, शेजारी विहीर असते, बैलगाडी असते, आणि वाटीत नाचणी रुजवून केलेले हिरवे शेत असते. या गोठ्याला कोणी हिंदूकरण म्हणत नाही, कारण तो मांडणारे हात त्या घरातलेच असतात.

म्हापशाच्या संत जेरोम चर्चमधील मिलाग्रिस सायबीण, म्हणजे मारिया, आणि शिरगावची लईराई देवी या बहिणी आहेत, असे बारदेशातील हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही मानतात. ईस्टरनंतरच्या फेस्ताला दोन्ही धर्मांचे लोक सायबिणीला तेल वाहतात. वांद्र्याच्या मोतमावलीला सप्टेंबरच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, घरे वाहणाऱ्यांत कोळणी असतात आणि ख्रिस्ती नसलेलेही असतात. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यावर तिथल्या चर्चच्या घंटा महाराष्ट्रभरच्या देवळांत गेल्या. वाईजवळच्या मेणवलीत नाना फडणवीसांच्या घाटावरील घंटेवर बाळ येशूला घेतलेली मारिया आजही आहे. ती विजयाची लूट होती हे खरे. तरीही कोणी ती आकृती घासून पुसून टाकली नाही, हेही तितकेच खरे.

आज काय करायचे

जुनी चर्च दुरुस्त होत आहेत, नवी वस्ती वाढते तशी नवी उभी राहत आहेत, आणि भिंतीवर काय येणार हे बहुधा निधी, घाई आणि कॅटलॉग ठरवतात. एकाच साच्यातील फायबरच्या मूर्ती, वेदीमागे फ्लेक्स, कडेला प्रोजेक्टरचा पडदा. जुन्या लाकडी मूर्तीवर भक्तिभावाने तेलरंगाचा थर चढवला जातो आणि त्याखालचे अडीचशे वर्षांपूर्वीचे काम कायमचे बुजते. १९९४ मध्ये रायतूरच्या सेमिनरीत सुरू झालेले आणि २००२ पासून जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात असलेले ख्रिस्ती कला संग्रहालय अशाच वस्तू वाचवण्यासाठी उभे राहिले. आपल्या पिल्लांना स्वतःचे रक्त पाजणाऱ्या पेलिकन पक्ष्याच्या रूपातील तिथली चांदीची पवित्र मंजुषा पाहिली की एका चिन्हात केवढे धर्मशास्त्र मावते ते कळते. पण संग्रहालय हा शेवटचा आधार असावा. चिन्हाचे घर म्हणजे उपासना.

म्हणून प्रत्येक धर्मग्रामाच्या समितीने रंगाचा डबा उघडण्यापूर्वी काही गोष्टी कराव्यात. आहे त्या प्रत्येक मूर्तीची आणि चित्राची छायाचित्रासह नोंद ठेवावी. संवर्धनाची जाण असलेल्याला विचारल्याशिवाय जुन्या लाकडाला हात लावू नये. नवे काही करायचे तर आधी आपल्याच लोकांतील चित्रकार, सुतार, मूर्तिकार शोधावा, त्याला रास्त मोबदला द्यावा आणि कामाच्या खाली त्याचे नाव कोरावे. चारशे वर्षे जे नाव पुसले गेले त्याची भरपाई एवढ्यानेच सुरू होईल. शेजाऱ्यांचे चिन्ह घ्यायचे तर शेजाऱ्यांशी बोलावे. मोकळी भिंत हवी असणाऱ्यांनी ती निष्काळजीपणाने नव्हे तर विचाराने मोकळी ठेवावी. तीही एक प्रतिमाच आहे. आणि गोव्यातील चर्चने, फोन्सेकांच्या मूळ चित्रांना धक्का न लावता, त्यांच्या उत्तम प्रतिकृती निदान काही वेद्यांवर आणाव्यात. त्यांच्यापुढे बसून लोकांनी स्वतः ठरवावे की ही मारिया आपली आहे की नाही. तो निर्णय लोकांना कधी करूच दिला गेला नाही.

शब्द मानव झाला, हा ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा आहे. मानव होणे म्हणजे अमुक गावात, अमुक आईच्या पोटी, अमुक वर्णाचा, अमुक बोली बोलणारा होणे. नाझरेथला जे घडले ते खरे मानायचे, तर सांत इस्तेव, वसईकडचे नंदाखाल आणि तलासरी यांना आपला चेहरा घेऊन वेदीमागच्या भिंतीवर येण्याचा अधिकारही मानावा लागतो. तो अधिकार देणारे कोणी दुसरे नाही. जे त्या भिंतीसमोर गुडघे टेकतात, त्यांचीच ती भिंत आहे.